मागताच परत

१

सकाळी नऊच्या ठोक्याला लॉकरबाई प्रार्थनाघराचं कुलूप उघडायच्या. नऊ वाजून दोन मिनिटांनी येणाऱ्याला उगीचच आपण फार उशीर केला असं वाटायचं, असा त्यांचा चेहरा होता. बँकेच्या लॉकर विभागात एकतीस वर्षं काढलेली बाई. लोकांनी सांभाळायला दिलेली सीलबंद पाकिटं त्यांच्या ताब्यात असायची आणि त्यातलं एकही कधी हरवलं नाही. हे त्या न विचारता सांगायच्या, पण ते खरं होतं.

प्रार्थनाघर त्यांच्या मोठ्या भावाचं, म्हणजे पास्टरांचं. पास्टर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि माणसाला जे काही लागलेलं असेल ते निघून जायचं. बावीस वर्षं हे चालू होतं आणि बावीस वर्षांत त्यांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता. छत तीन ठिकाणी गळत होतं, भाडं थकलं होतं, चपलेचा अंगठा शिवून शिवून जाड झाला होता. निवृत्त होऊन लॉकरबाई कारभार बघायला आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विषय काढला.

डॉक्टर पैसे घेतो, वकील घेतो, नळवाला घेतो, मग तूच का घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतोस, असं त्यांनी विचारलं. नळवाला काही पाणी स्वतः तयार करत नाही, तरी घेतोच ना?

पास्टर हसले. "पाणी त्याचं नसतं, पण पाना तरी त्याचा असतो. माझा पानाही माझा नाही, ताई. मला जे फुकट मिळालं ते मी विकू कसं?"

धाकट्या बहिणीला ते लहानपणापासून ताईच म्हणायचे, कारण दटावण्याचं खातं पहिल्यापासून तिच्याकडे होतं.

महिनाभर वाद झाला. फी म्हटलं की पास्टरांना पाप वाटायचं, आणि देणगीपेटी ठेवली तर लोक फाटक्या नोटा खपवतील असं लॉकरबाईंचं म्हणणं होतं. शेवटी तोडगा लॉकरबाईंनीच काढला. फी नाही, देणगी नाही, अनामत घ्यायची. माणसाने प्रार्थनेआधी बंद पाकिटात आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठेवायची. तीन महिन्यांत गुण आला नाही तर पाकीट परत, आला तर ते इथेच राहणार. यात विकलं काय? सांभाळायला तर ठेवलं. पास्टर गप्प बसले, आणि गप्प बसणं म्हणजे होकार हे त्या घरात ठरलेलंच होतं.

फॉर्म त्यांनी एका बैठकीत लिहिला. बँकेच्या फॉर्मचा मजकूर हाताला पाठ होता, तो आपोआप उतरला. 'ठेवणाऱ्याकडून जे काही आले ते सांभाळणाऱ्याने जागेवर ठेवून घ्यावे. ठेवणाऱ्याने मागताच ते आहे त्या स्थितीत परत करावे. मुदतीत न नेल्यास ते सांभाळणाऱ्याचे होईल.' खाली दोन सह्या, ठेवणाऱ्याची आणि सांभाळणाऱ्याची. सांभाळणारे म्हणून पास्टरांनी सही केली, न वाचताच. लॉकरबाईंना आपल्या भाषेचा थोडा अभिमानही वाटला.

२

पहिलं पाकीट बेकरीवाल्याचं. त्याची सात वर्षांची मुलगी दोन महिने नीट झोपली नव्हती. पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीला पाठ घासत पडून राहायची. जेवायला बसली तरी खुर्चीच्या कोपऱ्यावर, आणि घरातल्या प्रत्येकाला हळू आवाजात म्हणायची, "जरा सरका." कुणासाठी सरकायचं ते सांगायची नाही. अंगावर मांस राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

पास्टर तिला घेऊन आतल्या खोलीत गेले. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा पोरगी भूक लागली म्हणत बाहेर आली आणि बापाच्या मांडीवर ऐसपैस पसरली. बेकरीवाला ढसाढसा रडला. लॉकरबाईंनाही रडू आलं, पण त्यांनी ते फॉर्मवर शिक्का मारण्यात घालवलं. पाकीट व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटात ठेवून त्यांनी किल्ली कमरेला लावली.

त्या कपाटाला लागून एक लांब बाकडं होतं. कुठल्या तरी शाळेने मोडीत काढलेलं, आठ माणसं आरामात बसतील असं. वाट पाहणारी मंडळी त्यावर बसायची. त्याच आठवड्यात लॉकरबाईंच्या नजरेला आलं की बाकड्यावर सात जण बसलेत आणि आठवी बाई उभी आहे. कपाटाकडची जागा रिकामी होती. त्यांनी त्या बाईला बसायला सांगितलं.

"नको, असू दे," ती बाई म्हणाली. "त्यांना अडचण होईल."

कुणाला, ते विचारायच्या आत तिचा नंबर लागला आणि ती आत गेली.

३

लॉकरबाई काही वाऱ्याने हलणाऱ्यातल्या नव्हत्या. कपाटाची मूठ खांद्याला लागत असेल, म्हणून लोक तिथे बसत नसतील. त्यांनी मूठ बदलून घेतली. दुपारी तिथे ऊन येत असेल, म्हणून पडदा लावला. पण कपाटात दुसरं पाकीट आलं त्या दिवसापासून बाकड्यावर सहाच जण मावायला लागले. तिसरं आलं, पाच. माणसं एकमेकांना चिकटून बसायची, म्हातारी माणसं उभी राहायची, आणि कपाटाकडची अर्धी फळी मोकळी असायची. कुणाला विचारलं तर तो त्या बाजूला बघायचा, क्षणभर गोंधळायचा आणि म्हणायचा की इथे ठीक आहे.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस पाकिटं पाच झाली आणि आठ जणांच्या बाकड्यावर तिघे बसायला लागले. आठातून पाच गेले तीन. हे गणित करायला बँकेत नोकरी केलेली असावी लागत नाही, आणि लॉकरबाईंना ते गणित केल्याचा स्वतःचाच राग आला.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून एका दुपारी कुणी नसताना त्या स्वतः कपाटाकडे जाऊन बसल्या. काहीच झालं नाही. फळी थोडी कोमट होती, पण पडद्यातूनही ऊन येतंच. त्यांनी रुमालाचं विणकाम काढलं, दहा ओळी घातल्या, आणि मान वर केली तेव्हा त्या बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या होत्या. अर्धं अंग बाहेर, एक पाय जमिनीला टेकून तोल सावरत. आपण केव्हा सरकलो हे त्यांना आठवेना.

त्या संध्याकाळी निघताना त्यांनी फळ्याचा खडू कुटून बाकडंभर पातळसर पसरला. सकाळी कुलूप उघडून पाहिलं. दाराकडच्या तीन जागांवर खडू जसाच्या तसा होता. पुढच्या पाच जागांवरचा पुसला गेला होता, माणूस उठताना कपड्याने पुसला जातो तसा. एक पुसट जागा फार लहान होती, अगदी कपाटाला लागून.

त्यांनी ओलं फडकं आणलं, बाकडं स्वच्छ पुसलं, आणि उंदीर असतील असं स्वतःला मोठ्याने सांगितलं. लॉकरबाई स्वतःशी सहसा मोठ्याने बोलत नसत.

४

विमा एजंट आला तो मंगळवार होता. चौथं पाकीट त्याचं. त्याची तक्रार मोठी विचित्र होती: त्याला खोकला यायच्या आधी त्याच्या पाठीमागे कुणी तरी खोकायचं. पास्टरांनी हात ठेवल्यावर ते थांबलं होतं. पण आता तो काउंटरवर कोपर टेकून सांगू लागला की काही गुण नाही, उलट वाढलंय, पाकीट परत द्या.

तो खोटं बोलतोय हे लॉकरबाईंनी लगेच ओळखलं. गुण न आलेला माणूस अंगठ्यांनी काउंटरवर ताल धरत नाही. पण नियम त्यांचाच होता. मागताच परत. त्यांनी पाकीट काढलं, सही घेतली आणि त्याच्या हातात ठेवलं. तो पायऱ्या उतरत असताना त्यांना खोकला ऐकू आला. मग एजंट खोकला.

मागे वळून त्यांनी बाकड्याकडे पाहिलं. तीन माणसं बसली होती आणि दाराशी उभा असलेला एक सुतार पुढे येत होता. तिघांनी त्याला जागा दिली. आता चौघे बसले होते, ऐसपैस.

दुसऱ्या दिवशी एजंटच्या बायकोचा फोन आला. ती फोनवर रडत होती आणि मागे कुणी तरी खोकत होतं, सारखं, एकाला एक लागून, आणि दर वेळी दुसरा खोकला नवऱ्याचा असायचा. पास्टर लगेच त्याच्या घरी गेले. संध्याकाळी परत आले ते खांदे पाडून.

"माझ्या हातातून काही गेलंच नाही, ताई," ते म्हणाले. "लाकडावर हात ठेवावा तसा ठेवला मी. ज्या दिवसापासून पाकीट घेतलं त्या दिवसापासून देवाने माझ्या हाताला दिलेलं दान आटत चाललंय. मला कळत होतं, मी बोललो नाही."

लॉकरबाईंच्या मनात एकच प्रश्न घोळत होता आणि तो त्यांनी विचारला. बावीस वर्षं जे निघून जायचं, ते जायचं कुठे?

"कोण जाणे," पास्टर म्हणाले. "कुणाकडून काही घेतलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काही सांभाळायचं नव्हतं. दार उघडं असायचं. जायचं ते."

५

पास्टरांनी निर्णय घेतला तो सरळ माणसाचा निर्णय होता. शनिवारी बेकरीवाल्याच्या पाकिटाची मुदत संपत होती. त्याआधी उरलेली चारही पाकिटं ज्याची त्याला परत द्यायची, मंडळीपुढे उभं राहून माफी मागायची, आणि पुन्हा कधी पैशाला हात लावायचा नाही. मग देवाची इच्छा असेल तर दान परत येईल. बेकरीवाल्याला त्यांनी शनिवारी दहाला पाकीट न्यायला बोलावलंही होतं.

शुक्रवारी दुपारी लॉकरबाईंनी त्यांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं आणि बाकड्यावर कपाटाजवळ बसवलं. मग त्या शेजारच्या दोरीवरचे टॉवेल घडी करत राहिल्या. चार टॉवेल होईपर्यंत पास्टर बाकड्याच्या मध्याच्याही पुढे सरकले होते. त्यांनी खाली पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत जसल्या गोष्टींना त्यांनी दारापर्यंत पोचवलं होतं, तसल्याच चार इथे शेजारी बसून होत्या.

"पाकीट गेलं की ते पाकिटामागे जातं," लॉकरबाई म्हणाल्या. "एजंटचं गेलं तसं. उद्या तू त्या पोरीच्या बापाच्या हातात पाकीट देणार. पोर आता कुठे बाळसं धरतेय, दादा. आणि तुझा हात चालत नाही."

पास्टरांनी फॉर्म मागितला आणि बावीस वर्षांचा चष्मा नाकावर चढवून पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत वाचला.

"मुदतीत न नेल्यास सांभाळणाऱ्याचे," ते हळूच म्हणाले. "सांभाळणारा मी. मग येऊ दे माझ्याकडे. मला काय, मी म्हातारा."

ते शांतपणे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. गेल्या वर्षी दोन महिने ते अंथरुणाला खिळले होते, जिना चढताना अजून मध्ये थांबायचे. लॉकरबाईंनी त्यांच्या चपलेच्या त्या शिवलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. या माणसाने जन्मभरात एकच गोष्ट मागितली होती, की मला विकायला लावू नका. आणि आपण ती ऐकली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की लॉकरबाई कामाला लागायच्या.

"उद्या दहाला बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

६

शनिवारी त्यांनी कुलूप आठ वाजताच उघडलं. एकतीस वर्षं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा वेळ मोडली. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यापलीकडे कुणी तरी गाडी धूत होतं. त्यांनी टेबलावर चार फॉर्म ओळीने मांडले. प्रत्येकावर सांभाळणाऱ्याच्या जागी असलेलं भावाचं नाव पट्टी धरून एका सरळ रेघेने खोडलं, वर आपलं नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली. बँकेत याला ताबा बदलणं म्हणतात आणि त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही, जुना सांभाळणारा हजर नसला तरी चालतं. कपाट माझं, किल्ली माझी, मजकूरही माझाच, मग जिन्नस दुसऱ्याच्या गळ्यात का? सह्या सुरेख आल्या.

मग त्यांनी पाकिटं काढून पर्समध्ये ठेवली, कपाट बंद केलं, आणि बाकड्यापुढे उभ्या राहिल्या. काही दिसत नव्हतं. उन्हात धूळ तरंगत होती, पण बाकड्याच्या त्या भागावर ती खाली बसत नव्हती, अडून वरच थांबत होती. कपाटाजवळ ती कमी उंचीवर थांबली होती.

"चला," लॉकरबाई म्हणाल्या. ज्या आवाजात त्या बँकेत साहेबालाही रांगेत उभं करायच्या त्याच आवाजात.

बाकडं करकरलं. माणूस उठल्यावर जुनं लाकूड करकरतं तसं, एकामागून एक, चार वेळा. शेवटचा आवाज अगदी बारीक होता.

त्या पायऱ्या उतरत होत्या तेव्हाच खालून बेकरीवाला मुलीचा हात धरून वर येत होता. पास्टरांनी पाकीट न्यायला बोलावलंय, जरा लवकरच आलो, असं तो म्हणाला. त्याला परत जाऊन भट्टी लावायची होती.

"पाकीट मिळणार नाही," लॉकरबाई म्हणाल्या. "मुलगी बरी आहे. पाकीट आता माझं."

बेकरीवाल्याने त्यांच्या पर्सकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. तो भला माणूस होता, पण त्याला जे वाटलं ते त्याने बोलून दाखवलं.

"म्हणजे शेवटी फीच झाली की. वर अनामत म्हणायचं आणि आत खिसा. पास्टरांचं नाव होतं हो बाई, ते तरी ठेवायचं."

लॉकरबाईंच्या जिभेवर उत्तर होतं. चोख, दोन वाक्यांचं. त्यांनी ते गिळलं. ते आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं, आणि ते कडू लागलं. दादाला सांगा, काम होतं म्हणून गेली, एवढा निरोप देऊन त्या पुढे निघाल्या.

मुलीचे गाल भरले होते, हातात अर्धा पाव होता. तिने बापाचा हात सोडून भिंतीला पाठ लावली आणि त्यांना वाट करून दिली. लॉकरबाई तिच्यासमोरून खाली गेल्या. रस्त्यावर पोचून त्यांनी मागे पाहिलं तर पोरगी अजून तशीच भिंतीला चिकटून उभी होती. बाप वर पोचून हाका मारत होता. तिने आणखी थोडा वेळ थांबून, सगळे गेल्याची खात्री करून, मगच पायरीच्या मधोमध पाय टाकला आणि उड्या मारत वर गेली.

बस वेळेवर आली. बरीच गर्दी होती, तरी लॉकरबाई चढल्या तशी मागची लांब सीट हळूहळू रिकामी झाली. कुणी काही म्हटलं नाही, माणसं उठली आणि पुढे जाऊन दांड्याला धरून उभी राहिली. लॉकरबाई खिडकीशी बसल्या, पर्स मांडीवर घेतली, पाठ ताठ ठेवली. डाव्या खांद्याला काही तरी टेकलं. लहान होतं, आणि थकलेलं असावं.

कंडक्टर पुढून तिकिटं फाडत आला. किती, म्हणून त्याने विचारलं. त्यांनी एक सांगितलं.

त्याने एक फाडलं, ते दिलं, आणि पेन्सिल कानामागे ठेवता ठेवता सीटकडे बघत थांबला.

"आणि ह्यांची?"

लॉकरबाईंनी पर्सचं बक्कल घट्ट लावलं.

"त्यांचे पैसे घेऊ नका," त्या म्हणाल्या. "पैसे घेतले की मग जात नाहीत."